दहा दातांची जीप

एका जुन्या जीपगाडीच्या मागच्या आसात बसवावयाचे लोखंडी यंत्र निवडण्याकरिता गिरगाव ते लालबाग हा प्रवास आम्ही तीन दिवसांत पुरा केला, हे वाचून ज्यांना हसू येईल त्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की, हेच अंतर बेस्टची बस अर्ध्यापाऊण तासात तोडत असली तरी बेस्टच्या बसला मेहुणा नसतो.

आमच्या मेहुण्यांची जीप उंच बॉनेटची व आखूड चेसीची असून तिचे कुळ थेट अमेरिकेतल्या विलिस कंपनीपर्यंत पोहोचते, आणि ही वंशावळ ते आल्यागेल्यास चहाच्या आधी ऐकवतात. 1945 साली महिंद्र बंधू आणि गुलाम मोहम्मद यांनी भागीदारी केली. मध्यंतरी देशाची फाळणी होऊन गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले. 1948 साली कंपनीच्या नावात 'महिंद्र अँड महिंद्र' अशी दुरुस्ती झाली. आणि विलिसचे सुटे भाग आगबोटीने येऊन माझगावात जोडले जाऊ लागले. एकाच आसावरची दोन चाके निरनिराळ्या गतींनी फिरू लागल्यास काय करावे, हा प्रश्न या गाडीच्या जन्मपत्रिकेतच लिहिलेला होता असे माझे मत आहे. ते मी मेहुण्यांपुढे कधी बोललो नाही, सबब त्यांची बहीण माझ्या घरात आहे.

गेल्या आषाढात लोणावळ्याहून राजमाचीस जाणाऱ्या कच्च्या वाटेवर हा प्रश्न समक्ष उभा राहिला. एका घळीत गाडी तिरपी होऊन मागचे उजवे आणि पुढचे डावे अशी दोन चाके अधांतरी झाली, आणि 'फोर-व्हील' टाकलेली आहे अशी मेहुण्यांनी शपथेवर ग्वाही दिली तरी ती अधांतरी चाके तेवढी भिंगरीसारखी गरगरत राहिली, तर जमिनीवर भक्कम टेकलेली दोन चाके मुंजीला आलेल्या दूरच्या नातलगांप्रमाणे हाताची घडी घालून पाहत बसली. गावच्या आठ माणसांनी दोर लावून आम्हांस वर काढले, चहापलीकडे मोबदला घेण्याचे साफ नाकारले, आणि त्यांतील एका वृद्धाने "गाडी बरी आहे, पण बैल पायजे होते," असा अभिप्राय नोंदवला. मेहुण्यांच्या मनात लॉकरचे, म्हणजे दोन्ही चाके एकमेकांस जखडणाऱ्या यंत्राचे, बीज पडले ते त्या क्षणी.

डिफरन्शियल ही आसाच्या पोटात बसणारी वस्तू मुळात न्यायी आहे आणि तोच तिचा दोष. वळणावर बाहेरच्या चाकास लांबचा पल्ला पडतो व आतल्यास जवळचा, म्हणून दोघांना आपापल्या गतीने फिरू देणारी दातेरी चक्रांची रचना ओनेसिफोर पेकर या फ्रेंच घड्याळजीने 1827-28 च्या सुमारास, म्हणजे पेशवाई बुडून दहा वर्षे होतात न होतात तोच, सिद्ध केली. ही रचना गती वेगवेगळी होऊ देते, परंतु जोर मात्र दोन्ही चाकांना समसमान वाटते. अधांतरी चाक फिरावयास जोर लागतो नखभर. म्हणून त्यास नखभर मिळतो, आणि समतेच्या तत्त्वास अनुसरून जमिनीवरच्या चाकासही तेवढाच. चाळीच्या सभेत सर्वांत तंगीच्या बिऱ्हाडाला झेपेल तितकीच वर्गणी सर्वांनी द्यावी असा ठराव होतो आणि मग गणपती वीतभर आणावा लागतो, त्यातलाच हा प्रकार. लॉकर हा ठराव तहकूब करून दोन्ही चाके एकमेकांस जखडतो आणि ज्याच्या पायाखाली जमीन आहे त्यास ओढण्याचा हुकूम करतो.

पहिला दिवस रविवार होता. रॉयल ऑपेरा हाउसच्या आसमंतात मोटारीच्या सुट्या भागांची जी दुकाने आहेत ती त्या दिवशी बंद असतात, हे मेहुण्यांस ठाऊक होते. तरीही "बाजार पाहून ठेवू, भावोजी," असे म्हणून त्यांनी मला ओळीने सर्व शटरे दाखविली. नंतर आम्ही गिरगाव चौपाटीवर गेलो. अनंत चतुर्दशी जवळ आली होती. विसर्जनाच्या गाड्या वाळूत रुतू नयेत म्हणून महापालिका तेथे लोखंडी पत्रे अंथरते, आणि जे काम आम्ही आसाच्या पोटात करू पाहत होतो ते ती अशा रीतीने दरसाल चाकाच्या खाली करून मोकळी होते, हे मी सुचवून पाहिले. "पत्रे राजमाचीला कोण वाहून नेणार?" असा सवाल टाकून मेहुण्यांनी माझी दरखास्त दप्तरी दाखल केली.

सोमवारी दुकाने उघडी होती. दुकानदाराने आम्हांस बसावयास स्टूल दिले आणि पहिलाच प्रश्न केला, "दात किती?" वयोमानाने माझा हात गालाकडे गेला; परंतु चौकशी आसाच्या टोकाला कोरलेल्या दात्यांची होती. या कुळातल्या फार जुन्या गाड्यांच्या मागच्या आसाला दहा दाते असतात व पुढच्या पिढीत एकोणीस. तो आकडा जुळला नाही तर जगातला सर्वोत्तम लॉकरही कागद दाबून ठेवण्याच्याच उपयोगाचा. बैल घेताना दात पाहतात, तेव्हा राजमाचीच्या त्या वृद्धाचे म्हणणे अगदीच गैरलागू नव्हते. मेहुण्यांनी स्वतःचे गोत्र सांगावे तितक्या निःशंकपणे "एकोणीस" असे सांगितले. पुढे कळले की, मोठा आकडा नेहमी चांगला असतो यापलीकडे त्यास आधार नव्हता.

दुकानदाराने मग दोन नमुन्यांची कैफियत मांडली. 'लिमिटेड स्लिप' म्हणून एक प्रकार असतो, त्यात क्लचच्या चकत्या दोन्ही चाकांना थोडे धरून ठेवतात. चिखलात बरा, पण चाक पार हवेत गेले की तो शेजाऱ्याने दिलेल्या सहानुभूतीइतकाच कामास येतो. दुसरा ईटन कंपनीचा यांत्रिक लॉकर, जो 2015 पासून महिंद्रच्या नव्या थार गाडीमध्ये आला: दोन चाकांच्या फेऱ्यांत मिनिटास शंभराचा फरक पडला की आपोआप जखडतो, आणि वेग वाढलेला असला तर जखडत नाही. "मग तोच द्या," असे मेहुणे म्हणाले. "त्यासाठी थार घ्या," असे दुकानदार म्हणाला.

चर्नी रोडहून दादरला लोकलने जाताना माझ्या ध्यानात आले की, आपण बसलो आहोत ती गाडी तर जन्मतःच लॉक केलेली आहे. आगगाडीची दोन्ही चाके आसावर घट्ट ठोकलेली असतात आणि एकत्रच फिरतात. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्यास गेलेल्या गाडीतही पेकरसाहेबांचा काही संबंध नव्हता. वळणावरची अडचण चाकाचा काठ किंचित उतरता, वीसास एक या प्रमाणात, घडवून भागविली आहे: बाहेरचे चाक आपल्या जाड भागावर चढते, आतले बारीक भागावर उतरते, आणि तंटा मिटतो. बोरघाटातून पुण्याला जाताना खिडकीतून राजमाची दिसतेच, मग जीपचा हट्ट कशास, हा पुढचा प्रश्न मी दादर येईपर्यंत गिळून ठेवला होता.

दादरच्या हिंदू कॉलनीत मेहुण्यांचे शेजारी, एक निवृत्त अभियंते, हवेच्या लॉकरचे कट्टर पक्षपाती निघाले. बटन दाबले की लहानशा कॉम्प्रेसरची हवा बारीक नळीतून आसात शिरते व चाके जखडतात; बटन सोडले की 'फुस्स' होऊन डिफरन्शियल पुन्हा पूर्ववत सज्जन होते. तत्त्वतः याहून उत्तम योजना नाही, हे मी आजही कबूल करतो. परंतु त्यासाठी आतला सगळा पिंजरा बदलून क्राऊन-पिनियन या दातेरी जोडीची जुळणी केसाच्या अंतराने पुन्हा लावावी लागते, आणि किंमत ऐकल्यावर मेहुण्यांच्या तोंडूनही तोच 'फुस्स' असा ध्वनी निघाला.

तिसऱ्या दिवशी लालबाग. चिवडा गल्लीपासून हाकेच्या अंतरावर एका मिस्त्रींचा गाळा आहे. बाजूला मिरची कांडप चालू असल्यामुळे तेथील प्रत्येक तांत्रिक सल्ला दोन शिंकांच्या मध्ये द्यावा लागतो. हे गृहस्थ 18 जानेवारी 1982 च्या संपापर्यंत गिरणीत लेथवर होते. त्यांनी जुने डिफरन्शियल उघडून मांडले आणि "हे सन, हे स्टार," अशी ओळख करून दिली. आकाशातील सूर्य-तारे ग्रीसमध्ये बुडालेले मी प्रथमच पाहिले. "सनला स्टार वेल्डिंग मारून टाकतो, लॉकर फुकटात," असा त्यांचा पहिला प्रस्ताव. आणि परिणाम विचारता त्यांनी निर्विकारपणे टायर घासणे, स्टिअरिंग जड होणे व शाफ्ट तुटणे अशी फेरिस्त सांगितली. "गिरगावच्या गल्लीत वळेल का?" मी विचारले. "वळंल की. पण गल्लीला इचारून."

शेवटी त्यांनीच तोड सुचविली. ज्यास अमेरिकेत जेवणाचा डबा म्हणतात असा एक लॉकर येतो. तो जुन्याच पिंजऱ्यात सन आणि स्टारच्या जागी बसतो, त्यामुळे क्राऊन-पिनियनला हात लावावा लागत नाही. सरळ रस्त्यावर दोन्ही चाके जखडलेली. वळणावर बाहेरचे चाक पुढे धावू लागले की त्याच्या बाजूचे दाते टकटक करीत घसरू देतात, मात्र ॲक्सिलरेटर हलका ठेवला पाहिजे. बसवावयाचा तो मागच्या आसात, कारण पुढे बसविल्यास स्टिअरिंग स्वतःचे मत बनवते. डबेवाल्यांच्या मुंबईत हा डबा नामंजूर करणे आम्हांस शक्यच नव्हते.

डबा आला. मिस्त्रींनी आस बाहेर ओढला, बोटाने दाते मोजले, पुन्हा मोजले आणि म्हणाले, "साहेब, दहा आहेत." एकोणिसाचा डबा परत जाऊन दहाचा येईपर्यंत दिवाळी उलटली. आता जीप हिंदू कॉलनीच्या प्रत्येक कोपऱ्यावर टकटक करते आणि मेहुण्यांची बहीण त्यास घड्याळ म्हणते. वाचकांपैकी कोणी जुन्या जीपसाठी लॉकर घेणार असेल, तर त्याने प्रथम मागचा आस बाहेर काढून दाते स्वतःच्या बोटाने मोजावेत, आणि ऑपेरा हाउसला रविवारी जाऊ नये.