साहेब फुटपाथवर

कडक पोलीस अधिकारी म्हटला की आपल्याला इस्त्रीचा युनिफॉर्म, भरघोस मिशा आणि टाळीची वाक्यं लागतात. १९७१ सालच्या ‘द फ्रेंच कनेक्शन’मधल्या जिमी ‘पोपाय’ डॉयलकडे यातलं काहीच नाही. डोक्यावर चेपकी टोपी, तोंडात शिव्या, मनात काळ्यांबद्दल आकस आणि अवतार असा, की रात्र एसटी स्टँडवर काढून आलाय. पडद्यावर पहिल्यांदा येतो तोही सांताक्लॉजच्या वेशात. पोरांना गाणं म्हणायला लावता लावता दाढीसकट एका संशयितामागे धावत सुटतो! जीन हॅकमनला या कामाचं ऑस्कर मिळालं, ते उगाच नाही.

लोक या सिनेमातला पाठलाग वाखाणतात. ब्रुकलिनमध्ये वरून रेल्वे धावतेय आणि खालून डॉयल मोटार हाणतोय, हे थरारक आहेच. पण मी फिदा आहे तो फुटपाथवरच्या डॉयलवर. न्यूयॉर्कची मरणाची थंडी. हेरॉइनचा फ्रेंच व्यापारी शार्निए उबदार रेस्टॉरंटात निवांत जेवतोय. समोर डॉयल कुडकुडत उभा, नशिबी पिझ्झाचा तुकडा आणि कॉफी. कॉफी इतकी भिकार, की ती तो रस्त्यावरच ओततो. आमच्या घरी यावर तत्काळ निकाल लागला, “अहो, चोराच्या नोकरीत सोयी बऱ्या दिसतात.”

दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिनला शार्निएसाठी खरं तर दुसराच स्पॅनिश नट हवा होता. नावाचा घोळ झाला आणि आले फर्नांडो रे. भूमिकेला असे शोभले, की घोळ घालणाऱ्याचा सत्कारच करायला हवा होता. डॉयल ज्याच्यावर बेतलाय तो खरा डिटेक्टिव्ह एडी इगन सिनेमात डॉयलचा साहेब झालाय. स्वतःलाच दम भरायचा योग किती जणांच्या पत्रिकेत असतो?

भुयारी रेल्वेत शार्निए छत्रीनं दार अडवून डॉयलला हूल देतो आणि सुटत्या गाडीतून हात हलवून निरोपही घेतो. दुसरा हीरो इथे खचला असता. हा फक्त आणखी चिडतो. पुढे हेरॉइन दडवल्याच्या संशयावरून पोलिसांनी एक लिंकन गाडी सुटी करून सगळे पार्ट जमिनीवर मांडले, तरी माल सापडत नाही. मग कळतं, कागदावरच्या वजनापेक्षा गाडी १२० पौंडांनी जड आहे. माल दाराखालच्या पोकळ पट्ट्यांत! इथे पिस्तूल नव्हे, वजनकाटा कामी येतो.

इतकं करून शार्निए निसटतोच, आणि डॉयलच्या गोळीनं मरतो तो सरकारी पक्षाचाच माणूस. “मग एवढं उभं राहून मिळवलं काय?” घरातून रास्त प्रश्न आला. बदली! डॉयलची नार्कोटिक्समधून उचलबांगडी होते. सिनेमाला मात्र सर्वोत्कृष्ट चित्रपटासह पाच ऑस्कर मिळाली.

जरूर बघा. फक्त पोटभर जेवून बसा. शार्निएचं ताट उपाशीपोटी बघवत नाही.