लग्नाला चालते, बोलायला नाही

महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या जवळपास 22 टक्के मुलींची लग्नं अठरा पूर्ण होण्याआधीच लागलेली होती, असं 2019-21 चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. म्हणजे सोळाव्या वर्षी पोरीला बोहल्यावर उभी करायला गाव तयार असतं. दिवस कसे राहतात, कसे टाळायचे, अंगावरून पांढरं जातं तेव्हा कुठे दाखवायचं, हे तिला सांगायची वेळ आली की तेच गाव म्हणतं, पोरं बिघडतील.

याच धाकानं 2007 साली आपल्या राज्यानं शाळांतला लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला. 2014 मध्ये केंद्राचा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला. कागदावर तो चांगलाच आहे: हजार लोकवस्तीमागे चार ‘साथिया’, म्हणजे पोरांना माहिती देणारे त्यांच्याच वयाचे सोबती, त्यांच्या पाठीशी आशाताई, सरकारी दवाखान्यात किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक. पण ओपीडीची वेळ नेमकी शाळेची आणि केसपेपरच्या खिडकीशी रांगेत शेजारची काकू. पोर घरी पोचायच्या आत बातमी पोचते. कोण जाईल तिथे?

त्यात पॉक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याची भीती. अठराखालचा संबंध राजीखुशीचा असला तरी गुन्हा, आणि डॉक्टरांनी पोलिसांना कळवलंच पाहिजे. मग दिवस गेलेली मुलगी चोरून गोळ्या खाते. अल्पवयीन मुलीनं आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर गर्भपात करणाऱ्या डॉक्टरांनी त्या खबरीत तिचं नाव-गाव देण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट केलं. हे साथियांना तरी कुणी सांगितलंय का?

न बोलण्याची किंमत गडचिरोलीनं मोजून दाखवली आहे. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या बायकांना तपासलं. 92 टक्के जणींना स्त्रीरोग होते आणि त्याआधी तपासणी झाली होती जेमतेम 8 टक्के जणींची. 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. पुढे त्यांच्याच ‘सर्च’ संस्थेनं ‘तारुण्यभान’ शिबिरं सुरू केली. तिथे शरीर, प्रेम, लग्न, आजार यांवर मुलामुलींशी मोकळेपणानं बोललं जातं.

सरपंच, ग्रामसेवक, पालकहो, येत्या ग्रामसभेत दोन मागण्या लेखी द्या: मैत्री क्लिनिक आठवड्यातून एक दिवस शाळा सुटल्यावर उघडं ठेवा, आणि त्याचा केसपेपर आतच काढा.