शंभर टक्के सर

सरांचं खरं नाव गावात फारसं कोणाला ठाऊक नाही. बसस्टँडसमोरच्या फ्लेक्सवर नावाच्या जागी 'डायरेक्टर' एवढंच लिहिलेलं असतं आणि उरलेल्या सगळ्या जागेत '१००%'. १००% प्रवेश, १००% निकाल, १००% नोकरी. म्हणून ते शंभर टक्के सर. हिंगोली जिल्ह्यात असे सर तालुक्यागणिक सापडतात. बाकीच्या महाराष्ट्रालाही त्यांची टंचाई नाही.

हळदीचा आणि सरांचा हंगाम जवळपास एकच. उन्हाळ्यात वसमत-हिंगोलीच्या मोंढ्यांत हळदीची आवक वाढते आणि मे महिन्यात बारावीचा निकाल लागतो. घरात पैसा आणि मार्कमेमो एकाच सुमाराला येतात, हे बियाणं विकणाऱ्यांच्या खालोखाल सरांनीच ओळखलं आहे. सरांची संस्थाही एका कृषी सेवा केंद्राच्या डोक्यावरच आहे. जिन्यात फवारणीच्या औषधाचा वास, वर एसी. एसी फक्त केबिनला, कारण प्रशिक्षणाचा महत्त्वाचा भाग केबिनमध्येच उरकतो.

कोर्स चिक्कार. फायर अँड सेफ्टी, नर्सिंग असिस्टंट, लॅब टेक्निशियन, एअरपोर्ट ग्राउंड स्टाफ. हा शेवटचा वर्ग ज्या गॅलरीत भरतो, तिथून पूर्णा-अकोला मार्गावरची गाडी दिसते. विमानासाठी नांदेडकडं जावं लागतं. फायरच्या वर्गात एक लाल सिलिंडर आहे. तो उचलून प्रत्येकाचा फोटो निघतो. फोटो झाला की सिलिंडर कपाटात आणि फोटो फ्लेक्सवर.

सर खोटं बोलतात असं कोणी म्हटलं तर मी त्यांची बाजू घेईन. सरांचा एकेक शब्द तपासा, नोंदणीकृत निघेल. बोर्डावर 'शासनमान्य' लिहिलंय, खाली नोंदणी क्रमांक आहेत आणि ते अस्सल आहेत. एक क्रमांक संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खालचा. (काही पालकांना वाटतं, संस्था १८६० सालापासून चालू आहे. सर त्यांचं मन मोडत नाहीत.) दुसरा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा, तिसरा उद्यम नोंदणीचा, चौथं आयएसओ. यातली निम्मी नोंदणी पापड लाटणाऱ्या मंडळालाही मिळते. संस्था अस्तित्वात आहे, एवढंच ते कागद सांगतात. ती जे शिकवते त्याला कोणी मान्यता दिली, हा प्रश्न वेगळा. आयटीआयच्या ट्रेडला ती राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषदेच्या चौकटीतून येते, नर्सिंगला नर्सिंग परिषदेकडून. सरांच्या प्रमाणपत्रावर मात्र 'अखिल भारतीय' आणि 'कौन्सिल' हे दोन्ही शब्द असलेलं असं एक लांबलचक नाव असतं की वाचता वाचता माणूस दमतो आणि खाली सही करून मोकळा होतो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं कोचिंगवाल्यांच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. निवडीची, नोकरीची हमी देऊ नका म्हणून सांगितलं. सरांनी बातमी वाचली आणि त्याच आठवड्यात फ्लेक्स बदलला. आता '१००%' च्या डोक्यावर एक चांदणी आहे. चांदणीचा अर्थ फ्लेक्सच्या तळाशी, नालीच्या पातळीवर, मुंगीच्या अक्षरात छापला आहे.

पण सरांना एकट्यालाच धरून झोडपणं बरं नाही. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना २०१५ ला निघाली, आणि तिच्या पहिल्या सात वर्षांवर कॅगनं नजर फिरवली तेव्हा सुमारे ९५.९ लाख प्रशिक्षणार्थींपैकी ९० लाखांहून जास्त जणांच्या बँक खात्याच्या रकान्यात शून्य नाहीतर मोकळी जागा निघाली. काही ठिकाणी खाते क्रमांक म्हणून ओळीनं नुसते एकचे आकडे लिहिलेले होते. सरांना हे वाचून दुःख झालं. "आळशी लोकं," ते म्हणाले. "निदान आकडे तरी वेगवेगळे टाकावं."

नोकरीची हमी मात्र सर अक्षरशः पाळतात. कोर्स संपला की पोराला चाकणच्या ठेकेदाराचा नंबर मिळतो. तो ठेकेदार प्रमाणपत्र बघत नाही. तो आधार कार्ड बघतो आणि बारा तास उभं राहशील का विचारतो. याच ठेकेदाराकडं गावातली दहावी नापास पोरं सरांना एक रुपया न देता लागलेली असतात. त्यांचेही फोटो सरांच्या भिंतीवर आहेत. कौतुकापोटी.

सरांना घाम फुटलेला मी एकदाच पाहिला. वसमतकडचा एक हळदवाला शेतकरी भाचीला घेऊन आला होता. हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय भाव ठरत नाही, अशा बाजारात ज्याचा जन्म गेला त्याच्यापुढं सरांनी रंगीत माहितीपुस्तक ठेवलं. मामानं ते मिटूनच बाजूला सारलं.

"नर्सचं हाय म्हणता. किती वर्साचं?"

"मामा, सहा महिने! तिकडं दोन-तीन वर्षं घालवतात उगीच."

भाची मान खाली घालून फोनमध्ये बोट फिरवत होती. सरांना वाटलं, रील बघतेय. ती म्हणाली, "मामा, एएनएमला दोन वर्षं लागतात, जीएनएमला तीन. अन् महाराष्ट्र नर्सिंग परिषदेकडं नाव नोंदल्याबिगर नर्स म्हणून काम करता येत नाही. परिषदेच्या यादीत यांचं नाव दिसना गेलंय."

"ताई, आपलं सेंट्रलचं आहे," सर म्हणाले. 'सेंट्रल' या शब्दापुढं आजवर भलेभले गप्प झाले होते. मामा झाला नाही. "मग सेंट्रलचा कागुद दाखवा की. आमी बसतो."

कागद पुण्याला होता. सरांचे महत्त्वाचे कागद नेहमी पुण्यालाच असतात. सरांनी गाडी दुसऱ्या रुळावर घेतली. दोनच जागा उरल्यात, आज पाच हजार भरून बुक करा, ओरिजनल मार्कमेमो आणि टीसी इथंच ठेवून जा, सुरक्षित राहील. हा सरांचा हुकमी पत्ता. कपाटातल्या त्या टीसीपायी किती पोरं पुढचे हप्ते मुकाट भरतात, याचा हिशोब फक्त कपाटाला माहीत.

"झेरॉक्स ठेवा," मामा म्हणाला. "अन् पाच हजाराची पावती फाडा आधी. मोंढ्यात पट्टी हातात पडल्याबिगर आमी आडत्याच्या गादीवरून उठत नाई."

सरांनी पावती फाडली. मामानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि मोठ्यानं वाचलं. वर कोर्सचं नाव नव्हतं, संस्थेचंही नव्हतं. एका सेवाभावी प्रतिष्ठानाचं होतं. खाली छापलं होतं, 'स्वखुशीने दिलेली देणगी. परत मिळणार नाही.'

"आवं सर," मामा म्हणाला, "पण म्या कुठं खुशीत हाय?"

केबिनबाहेर रांगेत बसलेल्या पालकांपैकी एक हसला. मग दुसरा उठला आणि दारात येऊन म्हणाला, माझी पावती बघू द्या. सरांनी एसी वाढवला.

मामानं जाता जाता चारशेवीसचं नाव काढलं, तेव्हा सरांचा चेहरा जरा खुलला. कायद्यातलं त्यांचं वाचन ताजं असतं. १ जुलै २०२४ पासून फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेत ३१८ झालं आहे, ही दुरुस्ती त्यांनी मामाला जिन्यापर्यंत जाऊन सांगितली. मामानं तो आकडा भाचीला लिहून घ्यायला लावला, शेजारी ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ पण लिहिला, आणि सरांचे आभार मानले. भाचीनं त्याच आठवड्यात सरकारी आयटीआयचा ऑनलाइन फॉर्म भरला. पहिली पसंती इलेक्ट्रिशियन. मामाच्या मोटारीचा स्टार्टर वर्षातून चारदा जळतो, त्यामुळं घरातून कोणी हरकत घेतली नाही.

पुढच्या हप्त्यात सरांचा नवा फ्लेक्स लागला. '१००%' आहे, चांदणी आहे, सिलिंडर उचललेला पोरगाही आहे. फक्त तळाशी लाल अक्षरांत एक ओळ वाढली आहे : 'पक्की पावती मिळेल.' तिच्याही डोक्यावर चांदणी आहे.