कान्हाला जायचं, पण कुठून?

परदेशीपुऱ्यातून कान्हाला जायला सरळ रस्ता नाही, आणि हे आमच्या घरात कुणालाच मान्य नाही. प्रत्येकाकडे एक सरळ रस्ता आहे. तो कुणाच्या ना कुणाच्या घरावरून जातो, एवढंच.

दोष थोडा वस्तीचाही असावा. परदेशीपुरा गिरण्यांच्या आधारानं वाढला. इकडे मालवा मिल, तिकडे पाटनीपुरा, पलीकडे नंदानगर. कुणी खानदेशातून आलेलं, कुणी उत्तर प्रदेशातून, कुणी राजस्थानातून. गिरण्यांचे भोंगे थांबून जमाना झाला, पण इथल्या प्रत्येक घराला ‘आपण आलो कसे’ याची एक गोष्ट आहे. त्यामुळे ‘जायचं कसं’ या विषयावर इथला कुणीही माणूस अधिकारानं बोलतो. सकाळी चौराह्यावर पोह्यांवर जिरावण भुरभुरणाऱ्या भियाला मी सहज कान्हाचं बोललो, तर कढईतला झारा तसाच ठेवून त्यानं मला रात्रीची बस, जबलपूरचा बसस्टँड आणि त्याच्या साडूचं दुकान एवढं सगळं समजावलं. मागे पोह्यांसाठी रांग लागली होती. रांगेतल्या कुणाचीही तक्रार नव्हती. दोघांनी तर दुरुस्त्या सुचवल्या.

आता भूगोल बघा. इंदूर मध्य प्रदेशाच्या पश्चिमेला आणि कान्हा पार पूर्वेला, मैकल डोंगरांत, मंडला आणि बालाघाट जिल्ह्यांमध्ये. राज्य एकच असल्यामुळे आपण आपल्याच घरातल्या पलीकडच्या खोलीत चाललो आहोत असं वाटतं. खोली साडेसहाशे किलोमीटरच्या वर लांब आहे, हे उंबरठ्यावर आल्यावर कळतं. तिथलं राष्ट्रीय उद्यान १९५५ सालचं, ९४० चौरस किलोमीटरचं. सगळं इंदूर शहर उचलून आत ठेवलं तर तीनदा मावेल, आणि वाघांना मग रहदारीचे नियम शिकवावे लागतील.

काकूंचा या सगळ्यालाच विरोध होता. “रालामंडळला जा ना! सकाळी निघा, दुपारी जेवायला घरी.” रालामंडळ म्हणजे शहराला लागून असलेली टेकडी. होळकरांची शिकारगाह तिथे होती, आता लहानसं अभयारण्य आहे. होळकरांचं हे बरं होतं. जंगल घरापाशी असल्यामुळे त्यांच्याकडे रिझर्वेशनवरून भांडणं झाल्याचं ऐकिवात नाही. पण आमच्या पुतण्याला मोठं जंगल हवं होतं. मोठं हवं म्हटलं की लांब आलं, आणि लांब म्हटलं की काका आले.

काकांचा रस्ता रुळांवरून जातो. ते कापड गिरणीत होते आणि निवृत्तीनंतर त्यांनी रेल्वेचं वेळापत्रक हे नित्यपठणाला घेतलं. त्यांची योजना अशी: संध्याकाळी ओव्हरनाइट एक्स्प्रेसमध्ये बसायचं, सकाळी जबलपूर. इथपर्यंत सगळे माना डोलावतात. खरा घोळ पुढे आहे. जबलपूरला टॅक्सी करायची नाही. तिथून छोट्या लाइननं नैनपूर, नैनपूरहून मंडल्याच्या गाडीनं चिरईडोंगरी. सातपुड्यातली ही अडीच फुटी लाइन जबलपूरहून गोंदियाला जायची आणि नैनपूर हे तिचं मोठं जंक्शन. काका तरुणपणी एका वऱ्हाडाबरोबर त्या गाडीतून गेले होते. गाडी इतकी सावकाश चालली होती म्हणे, की नवरदेवाचा मामा चालत्या गाडीतून उतरला, कणसं घेतली आणि पुन्हा त्याच डब्यात चढला. २०१५ साली रुंदीकरणासाठी ती लाइन बंद झाली, आता तिथे ब्रॉडगेज आहे, असं पुतण्यानं मोबाइलवर दाखवलं. काकांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, “रुंद झाली म्हणजे काय? जागा तीच ना!”

वहिनीचा रस्ता नागपूरवरून जातो. तिथे तिचं माहेर आहे, पण हा निव्वळ योगायोग. इंदूरची वंदे भारत २०२३ पासून नागपूरपर्यंत जाते: उज्जैन, भोपाळ, इटारसी करत. म्हणजे आग्नेयेला जाण्यासाठी आधी उत्तरेला जायचं. पण इंदूरच्या माणसाला याची सवय आहे. जबलपूरहून कान्हाचं खटिया गेट एकशे साठ-पासष्ट किलोमीटर, नागपूरहून अडीचशेच्या वर. हा फरक वहिनीला कबूल आहे. पण मध्ये नागपूरला दोन दिवस मुक्काम असल्यामुळे तो जाणवत नाही, असं तिचं म्हणणं. “आई केव्हाची वाट पाहून राहिली आहे,” असं ती म्हणाली तेव्हा दादा एकदम पंख्याकडे बघायला लागला.

पुतण्याचा रस्ता मोबाइलमध्ये आहे. भोपाळ, जबलपूर, मंडला; गाडी आपली, गाणी आपली. मॅपनं सांगितलेले तास तो आम्हाला वेदवाक्यासारखे ऐकवतो. पण मॅप चहाला थांबत नाही आणि आत्या थांबते. शिवाय देवासची टेकडी दिसली की तिला देवीला हात जोडायचे असतात, म्हणजे निघून तासही झालेला नसताना पहिला थांबा.

दोन-तीन रात्री हे चाललं. जेवणाच्या ताटांमध्ये शेवेची वाटी म्हणजे भोपाळ, लोणच्याची बरणी म्हणजे इटारसी, असा नकाशा मांडला जायचा. कुणीतरी शेव संपवायचं, आणि मग भोपाळ नेमकं कुठे होतं यावर नवा वाद. ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं, की यात लबाडी कुणाचीच नाही. प्रत्येकजण प्रामाणिकपणे सोपाच रस्ता सांगत होता. फक्त सोपं म्हणजे काय, हे ज्याचं त्यानं केव्हाच ठरवलेलं होतं. ज्या वाटेवर आपलं काहीतरी आहे, ती वाट जवळची. कान्हा हे निमित्त.

हे निमित्त किती हट्टी आहे ते सफारीचं बुकिंग उघडल्यावर कळलं. तिथे ‘कसे येणार’ असं कुणी विचारत नाही. तिथे विचारतात, ‘कुठल्या गेटनं?’ खटियाकडून किसली, की मुक्की, की सरही? मोठ्या जंगलात कुणी ‘पोचत’ नाही, त्याच्या एका दाराशी पोचतं. जबलपूर-मंडल्याकडून येणाऱ्याला खटिया बरं, गोंदिया-बालाघाटकडून येणाऱ्याला मुक्की. मुक्काम एका दाराशी आणि परमिट दुसऱ्या दाराचं निघालं, तर पहाटेच्या काळोखात जंगलाला भला मोठा वळसा घालत बसा. म्हणून जाणते लोक उलट्या बाजूनं सुरुवात करतात: आधी गेट आणि तारीख, मग मुक्काम, रेल्वे सगळ्यांत शेवटी. आपण बरोबर याच्या विरुद्ध करतो. आधी डब्यात काय न्यायचं ते ठरतं.

दार एक निवडलं की बाकीचं जंगल सोडावं लागतं. शिवाय पर्यटकांच्या जिप्सी फिरतात तो तुकडा मुळात लहानच. पुतण्याला वाघाची खात्री हवी होती. ती कुठल्याच गेटवर मिळत नाही. मी त्याला बारशिंग्याचं सांगितलं. मध्य भारतातला, टणक जमिनीवर राहणारा हा बारशिंगा फक्त कान्हात उरला होता आणि १९७० साली त्यांची संख्या ६६ वर आली होती. कुंपण घालून, कुरणं राखून त्यांना वाढवलं. आज ते हजाराच्या घरात आहेत. ज्या मैदानांत ते चरतात, त्यांतली काही पूर्वी गावांची शेतं होती. ती गावं उठून बाहेर गेली. आम्ही आत कसं जायचं म्हणून भांडतो आहोत. बैगा आणि गोंड घरांत एके काळी बाहेर कुठे जायचं, ही चर्चा झाली असेल, आणि तिच्यात हसण्यासारखं काही नसेल. हे ऐकून पुतण्या गप्प झाला. काका वेळापत्रक मिटून बसले, पण जरा वेळच.

शेवटी निकाल आत्यानं दिला. तिचा रस्ता आतापर्यंत कुणी विचारलाच नव्हता. “वाटेत नर्मदा लागते का?” एवढंच तिनं विचारलं. लागते. जबलपूरला ग्वारीघाटावर लागते आणि मंडल्याला तर तिनं गावाला तीन बाजूंनी वेढलेलं आहे. कान्हातून येणारी बंजर नदी तिथेच नर्मदेला मिळते. मग बरगीचं धरण, भेडाघाट, ओंकारेश्वर करत ते पाणी मंडलेश्वरजवळ जलूदला येतं. तिथून पंपांनी विंध्य चढवून इंदूरला आणि इंदूरहून आमच्या नळाला. १९७० साली नर्मदेच्या पाण्यासाठी इंदुरात मोठं आंदोलन झालं तेव्हा आत्या शाळेत होती. घोषणा द्यायला मिळतात आणि शाळा बुडते, म्हणून तिला ते फार आवडलं होतं. १९७८ साली पाणी आलं. “म्हणजे कान्हा इथे येतंच आहे की इतकी वर्षं,” आत्या म्हणाली. “एक दिवसाआड का होईना. आणि तेही जबलपूरवरून येतं. मग आपण नागपूरवरून कशाला जायचं?”

याला वहिनीकडेही उत्तर नव्हतं. तह झाला: जाताना जबलपूर, येताना नागपूर. पुतण्याला जबलपूरच्या टॅक्सीत पुढची सीट. उरला एकच प्रश्न. जिप्सीत पर्यटक सहा बसतात आणि आम्ही सात. कोण राहणार, यावर मोठा प्रसंग उभा राहील असं वाटत असतानाच काकांनी आपणहून माघार घेतली. “मला जंगलात काय काम? तुम्ही आत जा. मी तोवर नैनपूरला जाऊन लाइन बघून येतो.”

तारीखही एकमतानं ठरली. एकमत पाहून मला संशय यायला हवा होता. तो पुतण्याला आला. त्यानं नियम वाचले. जुलै ते सप्टेंबर जंगल बंद, ते ठीक. पण बुधवारी दुपारीही बंद असतं आणि आमच्या आवडीची दुपारची फेरी नेमकी बुधवारची. सगळे आत्याकडे बघायला लागले.

“दर बुधवारी दुपारी?” तिनं खात्री करून घेतली. “मग बरोबरच आहे. रोज सकाळ-संध्याकाळ पाहुणे. आठवड्यातून एक दुपार त्यांनी झोपायचं नाही का? तुम्ही गुरुवारचं काढा.”