चापाची भिकबाळी

नाशिकच्या द्वारका चौकात मुलांनी आईबापांकडे काहीही मागू नये, असा फलक पोलिसांनी लावायला हवा. पुढे रिक्षा, मागे बस, कडेला ट्रक. बाप पळणार कुठे? माझ्या सोळा वर्षांच्या कन्येने नेमकी तीच वेळ साधली. स्कूटरवर मागून म्हणाली, "बाबा, मला हेलिक्स करायचंय."

मला वाटलं क्लास असेल. फीसुद्धा विचारली. मग कळलं, कानाच्या वरच्या कडेला भोक पाडतात त्याला हेलिक्स म्हणतात. नशीब, नाक मागितलं नाही. पंचवटी इतकी जवळ असताना नाकाचा विषय न निघालेला बरा.

मी पुरोगामी माणूस आहे. हे मीच सगळ्यांना सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही. त्यामुळे सरळ 'नाही' म्हणायची सोय नव्हती. "आपल्यात असलं काही करत नाहीत," एवढंच म्हणालो.

"मग आजी बुगडी कुठे घालायची?"

बुगडी तिथेच असायची, बरोबर त्याच जागी. 'सांगत्ये ऐका' हा सिनेमा आला १९५९ मध्ये. तेव्हापासून महाराष्ट्रातले बाप त्यातल्या बुगडीच्या गाण्यावर माना डोलवत आले आहेत, मीही त्यातलाच. पण दुसऱ्याच्या बुगडीवर डोलणं वेगळं.

"आणि तुझी भिकबाळी?"

इथे थोडं थांबावं लागेल, कारण भिकबाळी हा माझा हळवा विषय आहे. उजव्या कानाच्या वरच्या भागात, सोन्याच्या तारेत ओवलेले टपोरे मोती आणि मधे एखादा लाल खडा. पेशवाईतल्या पुरुषांचा हा दागिना आता ढोलपथकांत आणि लग्नांत मिरवतो. भाच्याच्या लग्नात फेटा बांधून मी ती घातली आणि आरशात पाहिलं, तर समोर साक्षात राघोभरारी! अटकेपर्यंत सहज गेलो असतो, फक्त पंगत सोडवेना. फोटोग्राफरला मी दिवसभर उजवीच बाजू दाखवली. व्याह्यांशी बोलतानाही मान तिरकी. पोटाचा घेर फेट्याने झाकला जात नाही, पण भिकबाळीकडे पाहणारा पोटाकडे पाहत नाही, असा माझा सिद्धान्त आहे. तो फोटो अजून माझ्या व्हॉट्सॲपवर आहे.

"ती चापाची होती," कन्या म्हणाली. "तुझा पुरोगामीपणाही चापाचाच आहे बाबा. कार्यक्रम झाला की काढून ठेवायचा."

सिग्नल सुटला, पण मागच्याने हॉर्न वाजवेपर्यंत मला ते दिसलं नाही.

घरी तिने रीतसर माहिती मांडली. पाळीचं भोक दीडदोन महिन्यांत भरून येतं. वर कूर्चा असते, तिला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, म्हणून सहा महिने ते वर्षही लागतं. तिथे बंदूक वापरायची नाही, पोकळ सुईच हवी. चिघळलं तर कानाचा आकार बिघडू शकतो, हेही तिने लपवलं नाही. शाळेच्या प्रकल्पात हिने कधी एवढा अभ्यास केला असता तर! (हे मी मनात म्हणालो. तेवढी अक्कल आहे.)

खरं तर मला सुई नको होती. ही बारा दिवसांची असताना सोनार घरी आला होता. तिला मांडीवर घेऊन बायको बसली, आत्याने डोकं धरलं आणि मी पेढे आणायचे राहिलेत म्हणून बाहेर पडलो. पेढे घरात होते. जिन्यातच तिचा टाहो ऐकू आला, तरी मी मागे वळलो नाही. त्या दोन भोकांसाठी आम्ही कोणीही तिची परवानगी घेतली नव्हती. तिसऱ्यासाठी ही पोर माझी मागत होती, तीही स्वतःच्याच कानासाठी. मला तिचा राग आला, की माझा, की तिची उंची आता माझ्या कानापर्यंत आली आहे याचा, हे मला नीट सांगता येणार नाही.

सोनारानेच कान टोचावे म्हणतात, म्हणून आधी सराफ बाजार गाठला. सोनाराने कान पाहिला आणि हात झटकले. "पाळी असती तर टोचली असती. वरचं आपण करत नाही. कॉलेज रोडला जा."

तिथे टोचणाऱ्या मुलाच्या भुवईत, ओठात आणि नाकात मिळून आमच्या घरात नाही एवढा धातू होता. अठराच्या आत पालकाची सही लागते म्हणाला. मी केली, पल्लेदार, पूर्ण नावानिशी. त्याने हातमोजे चढवले, सुईचं पाकीट फोडलं आणि कन्येने माझा हात धरला.

"काका, तुम्हाला बाहेर बसायचंय का?" त्याने विचारलं.

"पेढे आणायचे असतील," कन्या म्हणाली.

हे तिला तिच्या आईनेच सांगितलेलं असणार.