ती बॅटरी आधी बंद करा

अमावास्येची रात्र मोकळ्या माळावर काढणारे लोक दोनच प्रकारचे. मांत्रिक आणि आकाशदर्शनवाले. घरच्यांचा पहिल्यांवर निदान विश्वास तरी असतो.

"आई, अमावास्या आहे म्हणूनच आलेय," नवख्या ताई फोनवर सांगत होत्या. "चंद्र असला की बाकी काही दिसत नाही… नाही गं, लिंबू-मिरची कशाला?"

"ताई, फोन!" अंधारातून आयोजक ओरडले. "स्क्रीनचा उजेड पडतोय! डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. आता सगळ्यांची पहिल्यापासून सुरुवात."

हे त्यांनी स्वतःची बॅटरी ताईंच्या तोंडावर रोखून सांगितलं.

मार्चची नऊ तारीख, शनिवार, वांगणीजवळचं एक शेत. या गावाला असले निशाचर नवे नाहीत. हॅलीच्या धूमकेतूच्या सुमारास मुंबईत उभं राहिलेलं खगोल मंडळ वर्षानुवर्षं इथे रात्री जागवत आलं आहे. आज जमलेला कंपू मात्र स्वतंत्र, हौशी आणि आपसांत भांडणारा. बेत होता मेसिए मॅरेथॉनचा. चार्ल्स मेसिए हा अठराव्या शतकात पॅरिसमध्ये धूमकेतू शोधणारा गृहस्थ. धूमकेतूसारखे दिसणारे पण जागचे न हलणारे धूसर ठिपके त्याला फसवायचे, म्हणून त्याने त्यांची यादीच केली. थोडक्यात, 'यांच्यावर वेळ घालवू नये' अशी ती यादी. तिच्यातले एकशे दहाच्या एकशे दहा ठिपके एका रात्रीत बघायला आता लोक रजा टाकून येतात.

संगणकवाल्यांच्या दुर्बिणीला मोटार होती, उपग्रहावरून जागा ओळखणारं यंत्र होतं आणि बटणांचा रिमोट होता. शेजारी काका प्लॅस्टिकच्या खुर्चीत. गळ्यात दहा-बाय-पन्नासची द्विनेत्री, मांडीवर वही, बॅटरीला लाल जिलेटीन कागद.

"काका, तुम्ही शोधत बसणार. माझी स्वतः शोधते," संगणकवाले म्हणाले. "फक्त आधी दोन तारे दाखवून तिला ओळख करून द्यायची. बघा, ती म्हणतेय, अभिजितपासून सुरुवात करा."

"अभिजित?" काका वहीतून वर बघेनात. "तो मध्यरात्र उलटल्यावर उगवेल."

"यंत्र सांगतंय, डोक्यावर आहे."

"मग यंत्राचं डोकं तपासा."

मोटार घरघरली आणि नळी सरळ उभी राहिली. तिथे अभिजित नव्हता. पुढचे दोन तास संगणकवाल्यांनी केबल बदलली, बॅटऱ्या बदलल्या, तिपाई तीनदा समतल केली आणि 'चायनीज माल' असं दोनदा म्हटलं. तेवढ्या वेळात काकांच्या वहीत पंचवीस खुणा झाल्या. वायव्येला बदलापूर-अंबरनाथच्या केशरी उजेडात देवयानी दीर्घिका बुडत होती, तीही त्यांनी वेळेत गाठली आणि ताईंना दाखवली.

"हे? हा तर डाग आहे."

"पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश आहे तो."

"एवढ्या प्रवासात मळणारच."

"पण फोटोत गुलाबी-निळी असते ना?" ताईंना पैसे भरल्याची आठवण झाली असावी.

इथे कॅमेरावाल्याला कंठ फुटला. अंधूक उजेडात डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाहीत. कॅमेरा मिनिटं-मिनिटं प्रकाश साठवतो, म्हणून त्याला दिसतात, असं त्याने सांगितलं. बरोबरच सांगितलं. "आता हेच बघा, चार मिनिटांचं एक्स्पोजर चालू आहे…"

तेवढ्यात गाडीत पाण्याची बाटली आणायला गेलेल्या कुणीतरी रिमोट दाबला. गाडी दोनदा पिकपिकली, चारही दिवे लागले, आतलाही लागला.

कॅमेरावाला जे बोलला ते कुटुंबवत्सल मासिकात छापता येत नाही.

रात्री दहाला ताईंनी सहज रिमोटच्या पडद्यात डोकावून विचारलं, "हे सप्टेंबर का दाखवतंय?"

शांतता.

"शून्य नऊ, शून्य तीन टाकलंत ना? अमेरिकन पद्धतीत आधी महिना येतो. आमच्या ऑफिसात याच्यावरून रोज मारामाऱ्या."

म्हणजे दुर्बीण दोन तास तीन सप्टेंबरच्या आकाशात इमानदारीने वावरत होती आणि त्या आकाशात रात्री आठला अभिजित खरोखर डोक्यावर असतो. संगणकवाल्यांनी एवढंच म्हटलं, "तरी म्हणत होतो, यंत्र चुकत नाही."

तारीख सुधारल्यावर मात्र दुर्बिणीने झपाटा लावला, हे कबूल करायला हवं. सिंह आणि कन्या यांच्यामध्ये दीर्घिकांची जी दाटी आहे तिथे काकांची द्विनेत्री थकली. मोटारवालीने एकेक करून सगळ्या वेचल्या. आपणच शोधल्याच्या थाटात मालक बाजूला उभे. दोनच्या चहाला दोघांची बोलणी पुन्हा सुरू झाली.

पहाटे पूर्व उजळली. यादीतला तिसावा ठिपका, एम ३०, उगवायला आणि उजाडायला एकच गाठ पडली, तेव्हा तो गेलाच. मग शेवटचा आणि खरा कार्यक्रम सुरू झाला : हिशेब.

"एकशे एक," संगणकवाले म्हणाले.

"शंभर," काका. "एम १०२ धरायचा नाही. तो म्हणजे एम १०१ च दुसऱ्यांदा लिहिला गेलाय. ज्याने मेसिएला कळवला त्या मेशँनेच १७८३ साली पत्र लिहून तसं कबूल केलंय."

"बरेच लोक त्या जागी कालेय तारकासमूहातली दीर्घिका धरतात. मी ती पाहिली."

"मग एम ४० काढा. तिथे तेजोमेघ नाही, गुच्छ नाही, नुसते दोन तारे शेजारी."

"यादीत आहे ना?"

"यादीत चूक आहे!"

"म्हणजे," ताईंनी पोह्यांची बशी खाली ठेवली, "जे बघू नये त्याची यादी, तीही चुकलेली, आणि त्यासाठी मी रात्रभर डास मारले?"

"पुढच्या वेळी ओडोमॉस आणा," आयोजक फॉर्म गोळा करत म्हणाले, "आणि एम १०२ पुढे सध्या पेन्सिलनेच खूण करा. सहा-दहाची लोकल चुकवू नका, या दोघांचं संपायचं नाही."