हाडकुळ्याचा भाव

महायुद्धानंतरच्या युरोपात माणूस किती उरला होता, हे बघायचं तर शिल्पकार अल्बेर्तो जाकोमेत्तीचा 1960चा ‘चालणारा माणूस’ बघावा. उंची सहा फूट, अंगावर मांस औषधालाही नाही. ब्राँझवर बोटांच्या चिमट्यांच्या खुणा तशाच, आणि पावलं एवढी जड की गडी चालतोय की चिखलात रुतलाय, कळू नये. समीक्षकांना त्यात एकाकीपण दिसलं, अस्तित्ववाद दिसला. बँकांना वेगळंच काही दिसलं असावं.

मुळात ही आकृती न्यूयॉर्कच्या चेस मॅनहॅटन बँकेसमोरच्या चौकासाठी घडत होती. जाकोमेत्तीने ते काम सोडून दिलं. पण एकदा बँकेच्या नजरेत भरलेला माणूस सुटतो थोडाच! 1980मध्ये जर्मनीच्या ड्रेस्डनर बँकेने त्याची एक ओतीव प्रत घेतली. पुढे ती बँक कॉमर्झबँकेने गिळली, मंदीत कॉमर्झबँकेलाच सरकारी सलाइन लागलं, आणि 2010मध्ये लंडनच्या लिलावात हा उपाशी गडी साडेसहा कोटी पौंडांना गेला. कलेच्या लिलावातला तेव्हाचा जागतिक विक्रम! (खाऊनपिऊन सुखी असलेला एकही पुतळा तोवर त्या भावाला गेला नव्हता.)

जाकोमेत्तीच्या मायदेशाने, स्वित्झर्लंडने तर भीडच ठेवली नाही. 1998मध्ये शंभर फ्रँकची नवी नोट काढली. एका बाजूला जाकोमेत्ती, दुसऱ्या बाजूला हाच हाडकुळा. 2021मध्ये ती चलनातून काढून घेतली. मध्यवर्ती बँकेत मात्र अजूनही पूर्ण किमतीत बदलून मिळते.